रिकाम्या पडद्याचं वेळापत्रक

दोन हात, फिरतं चाक, ओल्या मातीचा गोळा. माती बोटांतून वर चढते, पसरते, पुन्हा खाली बसते. आता भांडं होणार असं वाटतं आणि ते काही होत नाही. कुंभार पुन्हा माती वर चढवायला लागतो. मग एकदम हे सगळं जातं आणि पार्टीला निघाल्यासारखी नटलेली निवेदिका पुढचा कार्यक्रम सांगायला येते.

१९५३ पासून पुढे ब्रिटनमधल्या घराघरांत हे कुंभाराचं चाक लोकांनी इतक्या वेळा पाहिलं, की त्या पिढीला त्या वेळचे कार्यक्रम आठवोत न आठवोत, चाक हमखास आठवतं. आणि तो कार्यक्रम नव्हताच. दोन कार्यक्रमांच्या मधली फट बुजवायला लावलेली ती एक छोटी फिल्म होती. अशा आणखीही होत्या: लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं मांजराचं पिल्लू, संथ फिरणारी पवनचक्की, शेत नांगरणारे घोडे. त्यांना म्हणत ‘इंटरल्यूड’.

बीबीसीच्या टेलिव्हिजनचा त्या काळातला एक दिवस समजून घ्यायचा असेल तर मी कार्यक्रमांच्या यादीपासून सुरुवात करणार नाही, या फटींपासून करीन. दिवसाचा बराच वेळ पडद्यावर काहीच नसे. का नसे, याचं उत्तर शोधायला गेलं की यंत्रं, पैसा, सरकार आणि चर्च असे सगळे एकामागून एक समोर येतात.

आपण १९५४ च्या अखेरीचा, हिवाळ्यातला एखादा मंगळवार घेऊ. विशिष्ट तारीख नाही, त्या दिवसांतला नेहमीचा साचा.

एकच वाहिनी

वाहिनी एकच होती. आवडली नाही तर बंद करायची, एवढाच पर्याय. तिची सुरुवात २ नोव्हेंबर १९३६ ला उत्तर लंडनमधल्या ॲलेक्झांड्रा पॅलेसमधून झाली होती. टेकडीवरची ही इमारत मुळात जत्रा-जलशांसाठी बांधलेली. तिच्या एका टोकाला स्टुडिओ आणि वर उंच प्रक्षेपक. १ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध तोंडावर आलेलं असताना, प्रक्षेपण बंद केलं गेलं. प्रक्षेपकाच्या लहरींवरून शत्रूच्या विमानांना वाट सापडेल ही भीती होती, आणि टेलिव्हिजनचे इंजिनियर रडारच्या कामाला हवे होते. बंद होण्याआधी शेवटी दाखवलं गेलं ते मिकी माउसचं एक व्यंगचित्र. ७ जून १९४६ ला सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा तेच व्यंगचित्र परत दाखवलं. सात वर्षांचा खंड असा मिकीच्या दोन खेळांमध्ये बसवायचा, हा खास इंग्रजी विनोद म्हणायचा.

पुन्हा सुरू झाल्यावरही गाडी धड चालेना. १९४७ चा हिवाळा भयंकर होता, कोळसा संपत आला, वीज पुरेना. १० फेब्रुवारीपासून ११ मार्चपर्यंत टेलिव्हिजन चक्क बंद ठेवला. रेडिओ मात्र चालू होता. यावरून बीबीसीच्या घरात कोणाचा मान मोठा होता ते कळतं. मोठी माणसं, मोठा पैसा रेडिओकडे. टेलिव्हिजन म्हणजे लंडनपुरतं धाकटं पोर. ‘रेडिओ टाइम्स’ या बीबीसीच्याच साप्ताहिकात टेलिव्हिजनचे कार्यक्रम मागच्या पानांवर छापत.

लंडनपुरतं हे शब्दशः. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर आणि क्षितिज आडवं आलं की संपतात. म्हणून प्रत्येक प्रदेशासाठी उंच जागी वेगळा प्रक्षेपक लागे. बर्मिंगहॅमच्या बाजूला तो डिसेंबर १९४९ मध्ये आला, उत्तर इंग्लंडला ऑक्टोबर १९५१ मध्ये, स्कॉटलंडला मार्च १९५२ मध्ये आणि वेल्सला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. ज्या गावात चित्र पोचे तिथल्या धुराड्यांवर इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराचे ॲंटेना दिसायला लागत. आत टीव्ही आहे हे त्यावरून अख्ख्या गल्लीला कळे. तो दिसावा हीही इच्छा असायचीच.

टेलिव्हिजनचे परवाने १९५० च्या मार्चमध्ये साधारण ३ लाख ४४ हजार होते, १९५४ च्या मार्चमध्ये ३२ लाख झाले आणि त्याच्या पुढच्या वर्षी ४५ लाख. परवाना म्हणजे ‘लायसन’. आपल्याकडेही रेडिओचं लायसन पोस्टातून काढावं लागे, ते आठवणारे वाचक अजून असतील. ब्रिटनमध्येही ते पोस्टातूनच मिळे. १९४६ मध्ये टेलिव्हिजन आणि रेडिओचं मिळून वर्षाला २ पौंड, १९५४ पासून ३ पौंड. बिनपरवान्याचे सेट हुडकायला पोस्टखात्याच्या गाड्या १९५२ पासून रस्त्यांवर फिरू लागल्या होत्या.

जाहिराती नव्हत्या. जो काही पैसा, तो या लायसनचा. ही एक गोष्ट मनात ठेवा, पुढे संध्याकाळी सहा वाजता ती कामाला येणार आहे.

सकाळ: कोणी पाहू नये असं चित्र

सकाळी सेट लावला तर दिसे टेस्ट कार्ड. मधोमध मोठं वर्तुळ, त्यात जवळजवळ येत जाणाऱ्या उभ्या रेघांचे पट्टे, काळ्या-करड्या-पांढऱ्या चौकोनांची उतरंड. पाहायला काही नाही. पण हे चित्र प्रेक्षकांसाठी नव्हतंच. दुकानदार आणि घरोघरी सेट बसवणारे मेकॅनिक यांच्यासाठी ते होतं. सकाळी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला हलतं चित्र दिसावं म्हणून एखादी नमुना फिल्मही दाखवली जाई. गंमत आहे, पण सेट विकले गेले तर परवाने वाढणार आणि परवाने वाढले तर कार्यक्रम होणार. त्यामुळे सकाळची वेळ दुकानदाराला दिली होती.

कार्ड कशाला लागे ते जरा जवळून पाहू. पडद्यावर चित्र एका दमात उमटत नाही. काचेच्या नळीच्या मागच्या निमुळत्या टोकातून इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सुटतो आणि समोरच्या काचेच्या आतल्या लेपावर जिथे आदळतो तिथे उजेड पडतो. हा झोत डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढतो, मग झटकन परत येऊन खालची. ब्रिटिश पद्धतीत अशा ४०५ रेघांचं एक चित्र होई, आणि सेकंदाला २५ चित्रं. आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या, म्हणजे पडदा सेकंदाला ५० वेळा वरून खाली झाडून निघे. ५० हा आकडा तिकडच्या विजेच्या पुरवठ्याशी जुळवून घेतलेला.

आता ४०५ ला २५ ने गुणा: १०,१२५. सेटमधला ट्रान्सफॉर्मर सेकंदाला इतक्या वेळा थरथरे आणि त्यातून एक अतिबारीक शिट्टी येई. लहान मुलांना ती दुसऱ्या खोलीतूनही ऐकू येई. आजी-आजोबांना बहुतेक काहीच नाही.

सेटमधले व्हॉल्व्ह, म्हणजे वीज खेळवणाऱ्या काचेच्या नळ्या, तापले की सेटची जुळणी जरा सरके. मग वर्तुळ अंड्यासारखं होई, किंवा चित्र वरखाली पळायला लागे. आपल्याकडच्या काळ्यापांढऱ्या सेटची मागची बटणं पिळत ज्यांनी क्रिकेटचे सामने पाहिलेत त्यांना अधिक सांगायला नको. टेस्ट कार्डवरचं वर्तुळ गोल दिसलं, चौकोनांच्या सगळ्या छटा वेगवेगळ्या दिसल्या आणि बारीक रेघा एकमेकींत मिसळल्या नाहीत, की सेट लागला.

दुपारच्या बायका आणि लाकडी बाहुला

दुपारी तीनच्या सुमारास बायकांसाठी म्हणून काहीतरी असे. घर, शिवण, बागेतली कामं, स्वयंपाक. स्वयंपाक म्हटला की फिलिप हार्बन: दाढीवाला, खाटकासारखा पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन बांधलेला गडी. १९४६ पासून तो पडद्यावर होता. तो पदार्थ करून दाखवत असताना देशात रेशन चालू होतं. युद्ध जिंकलेल्या या देशात १९४६ ते १९४८ अशी दोन वर्षं पावावरसुद्धा रेशन होतं, जे युद्धात कधी नव्हतं. मांसावरचं रेशन उठलं ४ जुलै १९५४ ला. म्हणजे आपल्या मंगळवारी घरातली बाई हार्बनने सांगितलेला पदार्थ पहिल्यांदाच कूपन न मोजता करू शकत होती.

मग पावणेचार-चारच्या सुमारास पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी पंधरा मिनिटं. मंगळवारी ‘अँडी पँडी’ची पाळी. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेला कळसूत्री बाहुला, सोबत एक अस्वल आणि एक चिंध्यांची बाहुली. दोऱ्या स्पष्ट दिसत. बाहुला बोलत नसे. एक बाई सांगायची, ‘तुम्हीही टाळ्या वाजवा’, आणि घराघरांत मुलं टाळ्या वाजवायची. बुधवारी कुंड्यांपासून झालेले दोन बाहुले, गुरुवारी हेज-हॉग, उंदीर आणि ससा.

या पंधरा मिनिटांचं नाव होतं ‘वॉच विथ मदर’, आईबरोबर पाहा. नावातच तंबी आहे. मूल पडद्यासमोर बसवून आईनं आपल्या कामाला लागावं, हे बीबीसीला मंजूर नव्हतं. आज कुठल्याही घरात जेवताना मुलाच्या हातात काय असतं ते पाहिलं की ही काळजी फार जुनी आहे हे लक्षात येतं.

अँडी पँडी १९५० मध्ये सुरू झाला आणि त्याच्या एकूण २६ फिल्म काढल्या. त्याच त्या वर्षानुवर्षं फिरवल्या. फिल्म ही महागडी वस्तू. पण दोन वर्षांत जुनी मुलं मोठी होतात आणि नवी येतात, तेव्हा प्रेक्षकाला पुनरावृत्ती कळतच नाही. बीबीसीला एवढा सोयीचा प्रेक्षक दुसरा मिळाला नाही.

यानंतर पडदा पुन्हा रिकामा. पाच वाजता मोठ्या मुलांचा तास. सहाला तोही संपे.

सहा वाजता काय होई?

काहीही नाही. सहा वाजल्यापासून निदान सातपर्यंत आणि आपल्या मंगळवारी साडेसातच्या सुमारापर्यंत देशातला एकुलता एक टेलिव्हिजन गप्प. हेतू असा की लहान मुलांना झोपवता यावं आणि मोठ्यांनी गृहपाठाला बसावं. कार्यक्रमच नाही म्हटल्यावर ‘अजून पाच मिनिटं’ हा हट्ट चालणार कसा? याला लोकांनी नाव दिलं ‘टॉडलर्स ट्रूस’, म्हणजे छोट्यांशी केलेला तह.

मला हा तह त्या काळातली सगळ्यांत बोलकी गोष्ट वाटते. मुलं कधी झोपावीत हे ठरवायला सरकारी खातं कशाला लागतं? पण लागे. प्रक्षेपणाच्या वेळांवर पोस्टमास्टर जनरलचा ताबा होता. हा पोस्टातला अधिकारी नव्हे, मंत्री. दिवसाला किती तास, कुठल्या वेळेत, हे त्याच्या हातात. १९५५ नंतर आठवड्याला सुमारे ५० तास अशी मर्यादा होती. रविवारी सकाळी काही नाही, आणि संध्याकाळी चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळी पडदा रिकामा, म्हणजे देवाचा प्रेक्षक टेलिव्हिजननं पळवायला नको.

बीबीसीनं या तहावर कधी फारशी कुरकुर केली नाही. का केली नाही? इथे ते लायसन आठवा. बीबीसीला वर्षाचा पैसा ठरलेला. तास भरला तर खर्च, रिकामा ठेवला तर बचत. रिकाम्या पडद्यानं एक पैही बुडत नव्हती.

मग २२ सप्टेंबर १९५५ ला लंडनमध्ये आयटीव्ही सुरू झालं, जाहिरातींवर चालणारी पहिली वाहिनी. ती येऊ नये म्हणून बराच गदारोळ झाला होता. बीबीसीला घडवणारे जॉन रीथ १९३८ मध्येच तिथून बाहेर पडले होते, पण मे १९५२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये त्यांनी पैसेवाल्यांच्या प्रक्षेपणाला थेट देवी आणि प्लेगच्या रांगेत बसवलं. (देशात या साथी कोणीतरी आणल्या, तसं आता कोणीतरी हे आणू पाहतंय, असा त्यांचा रोख.) तरी वाहिनी आली, आणि पहिली जाहिरात लागली टूथपेस्टची.

आयटीव्हीसाठी गणित उलटं होतं. सहा ते सात म्हणजे कामावरून लोक घरी परततात ती वेळ, आणि त्या वेळी दुकान बंद ठेवायचं! रोजच्या तासाभराच्या जाहिराती पाण्यात. त्यांनी पोस्टमास्टर जनरलच्या मागे लकडा लावला. त्या खुर्चीवर तेव्हा चार्ल्स हिल होते, व्यवसायानं डॉक्टर. युद्धाच्या काळात ‘रेडिओ डॉक्टर’ म्हणून त्यांनी देशाला कोठा साफ ठेवण्याचे सल्ले दिले होते. त्यांचं म्हणणं पडलं की पोरांना झोपवणं हे आईबापांचं काम, सरकारचं नव्हे. १६ फेब्रुवारी १९५७ च्या शनिवारी तह संपला. बीबीसीनं त्या वेळेत लगेच तरुणांसाठी संगीताचा कार्यक्रम आणला, नाव ‘सिक्स-फाइव्ह स्पेशल’, कारण तो सहा वाजून पाच मिनिटांनी लागे. सोमवारपासून ‘टुनाइट’ सुरू झाला. मुलं जागी राहून बिघडली अशी काही ओरड झाली नाही.

पण आपला मंगळवार १९५४ चा आहे. तह चालू आहे. मुलं झोपली, निदान खोलीत गेली.

संध्याकाळ: चेहरा नसलेली बातमी

संध्याकाळचं प्रक्षेपण निवेदकांपासून सुरू होई. सिल्व्हिया पीटर्स किंवा मेरी मॅल्कम असेल तर लांब झगा, मॅक्डॉनल्ड हॉब्ली असेल तर काळा डिनर जॅकेट. आपण कोणाच्या तरी दिवाणखान्यात पाहुणे म्हणून चाललो आहोत ही भावना, तेव्हा कपडेही तसे.

बातम्या मात्र वेगळ्याच. सिनेमागृहातल्या वार्तापटासारखं ‘टेलिव्हिजन न्यूजरील’ १९४८ पासून होतं, पण रोजचं खरं बातमीपत्र सुरू झालं ५ जुलै १९५४ ला, मांसावरचं रेशन उठलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात बातम्या वाचणारा दिसतच नसे. नकाशे, स्थिर छायाचित्रं आणि मागून आवाज. बातमी सांगताना माणसाची भुवई जरा वर गेली तरी तो बाजू घेतोय असं वाटेल, ही भीती. रेडिओच्या माणसांनी टेलिव्हिजन चालवला की असं होतं. वाचणाऱ्याचा चेहरा दिसू लागला सप्टेंबर १९५५ मध्ये, केनेथ केंडल यांचा. आयटीव्ही सुरू व्हायला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.

हवामानवाल्याला मात्र आधीच चेहरा मिळाला होता. ११ जानेवारी १९५४ ला संध्याकाळी ७ वाजून ५५ मिनिटांनी हवामान खात्यातले जॉर्ज काउलिंग कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. पाच मिनिटं. नकाशावर हातानंच खुणा करत त्यांनी उद्याचं हवामान सांगितलं आणि म्हणाले, उद्या वारा बरा आहे, धुणं वाळत घालायला चांगला दिवस. त्याआधी नुसता नकाशा आणि आवाज असे. या एका वाक्यानं हवामानाची बातमी घरातली झाली असं मला वाटतं.

चर्चेचे कार्यक्रमही होते, पण त्यांच्या तोंडाला एक विचित्र कुलूप होतं. संसदेत पुढच्या दोन आठवड्यांत ज्या विषयावर चर्चा व्हायची आहे, त्यावर प्रक्षेपणात बोलायचं नाही. म्हणजे देशात सगळे ज्यावर बोलतायत तेवढं सोडून बोला. आधी हा बीबीसीनं स्वतःच पाळलेला संकेत होता, १९५५ मध्ये सरकारनं त्याचा हुकूमच काढला. १९५६ च्या अखेरीस, सुएझ कालव्यावरून झालेल्या लढाईच्या धुमाळीनंतर, तो बाजूला पडला.

नाटक, आणि तेच नाटक पुन्हा

आता खरी नवलाची गोष्ट. पडद्यावर दिसणाऱ्या बहुतेक गोष्टी त्याच क्षणी घडत होत्या. चित्र साठवणारी टेप बीबीसीत कामाला आली १९५८ च्या सुमारास. तोवर नाटक म्हणजे स्टुडिओत खरोखरचं नाटक. फक्त प्रेक्षागृहाच्या जागी चार-पाच कॅमेरे. एका कोपऱ्यात दिवाणखाना, दुसऱ्यात तुरुंगाची कोठडी, तिसऱ्यात रस्ता. नट एका प्रवेशातून सुटला की केबलींवरून उड्या मारत दुसऱ्या सेटवर. कपडे बदलायला वेळ मिळावा म्हणून मध्ये आधी चित्रित केलेला फिल्मचा तुकडा लावत.

आणि पुन्हा दाखवायचं असेल तर? पुन्हा करायचं. रविवारी रात्री जे नाटक झालं ते गुरुवारी त्याच नटांनी, त्याच सेटवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत परत. बीबीसीच्या भाषेतली ‘पुनर्प्रक्षेपण’ ही गोष्ट अशी घाम गाळून होई. आपल्या संगीत नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही, पण टेलिव्हिजनवाल्यांना आज सांगितलं तर विश्वास बसायचा नाही.

१२ डिसेंबर १९५४, रविवार. जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चं रूपांतर. लेखन नायजेल नील, दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टिए, प्रमुख भूमिका पीटर कुशिंग. सुमारे दोन तासांचा थेट प्रयोग लाइम ग्रोव्ह इथे झाला. हा मुळात फिल्म स्टुडिओ, बीबीसीनं १९४९ मध्ये विकत घेतलेला. संगीतसुद्धा शेजारच्या स्टुडिओत वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवत होता. छळाचे प्रवेश, उंदरांचा पिंजरा, आणि ते सगळं रविवारी रात्री लोकांच्या बैठकीच्या खोलीत. तक्रारींचा पाऊस पडला. संसदेत प्रस्ताव मांडले गेले, काही विरुद्ध, काही बाजूनं. गुरुवारचा प्रयोग रद्द करा अशी मागणी झाली. मग बातमी आली की राणी आणि तिच्या नवऱ्यानं नाटक पाहिलं आणि त्यांना ते आवडलं. १६ डिसेंबरचा प्रयोग झाला. आज आपल्याला जे पाहायला मिळतं ते त्या गुरुवारचं. रविवारचा प्रयोग हवेत विरून गेला.

गुरुवारचा कसा उरला? टेप नव्हती, पण एक जुगाड होता: चालू टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा. याला ‘टेलिरेकॉर्डिंग’ म्हणत. चित्र भुरकट येई. १९५३ च्या उन्हाळ्यात नील आणि कार्टिए यांनीच सहा भागांची एक विज्ञानकथा थेट सादर केली होती, ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’. तिचे पहिले दोन भाग असे नोंदवले. दुसऱ्या भागाच्या नोंदीत एक किडा येऊन बसतो. कथेतला नव्हे, खरा. ज्या पडद्याचं चित्रण चाललं होतं त्याच्यावर तो बसला आणि बसूनच राहिला. नोंदीचा दर्जा पुरेसा नाही म्हणून पुढचे चार भाग नोंदवलेच नाहीत. जो कार्यक्रम पाहायला अख्खा देश खुर्च्या ओढून बसला होता त्यातला मोठा भाग आज नाही, पण तो किडा आहे.

आता कुंभाराच्या चाकाकडे परत जाता येईल. थेट कार्यक्रम म्हणजे कुठलाही कार्यक्रम वेळेत संपेल याची खात्री नाही. स्टुडिओ मोजके, तेच कॅमेरे एका सेटवरून दुसरीकडे ढकलत न्यायचे. कॅमेरा मध्येच बंद पडे. चार मिनिटं मिळाली तर सावरता येई, आणि ती चार मिनिटं कुंभार देई. म्हणून तर भांडं कधी पुरं होत नसे. पुरं झालं तर फिल्मला शेवट आला, आणि शेवट आला तर ती हवी तिथे तोडता कशी येणार? आपल्या दूरदर्शनवरच्या ‘व्यत्यय’च्या पाटीपेक्षा हे बरं होतं. पाटीकडे पाहून माणूस चिडतो, चाकाकडे पाहत बसतो.

वर्षातून एखादाच दिवस

या सगळ्या फटींना एकदा पूर्ण सुट्टी मिळाली होती: २ जून १९५३, राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक. सकाळी सव्वादहापासून संध्याकाळी पाच वाजून गेल्यावरही, जवळजवळ सलग सात तास. वेस्टमिन्स्टर ॲबेच्या आत कॅमेरे नेऊ द्यायला आधी नकार होता. गदारोळ झाला, मग मान्यता मिळाली, पण तैलाभिषेकाचा क्षण दाखवायचा नाही या अटीवर. निवेदन रिचर्ड डिंबल्बी यांचं. बाहेर पाऊस.

तेव्हा परवाने बावीस-तेवीस लाखांच्या आसपास, आणि पाहणारे दोन कोटींच्या वर. म्हणजे घराघरांत शेजारीपाजारी. निम्म्याहून जास्त प्रेक्षक दुसऱ्याच्या घरी बसून पाहत होते. पडदे ओढलेले, खुर्च्या कमी पडलेल्या, समोर नऊ किंवा बारा इंची चित्र, कुणाकडे त्यावर लावलेलं मोठं भिंग. रविवारी संध्याकाळी चाळीतल्या एका खोलीत सिनेमा पाहायला जमलेली गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना त्या खोलीचा वासही कळेल. मुंबई दूरदर्शन मात्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि तेही संध्याकाळपुरतंच. त्याच वर्षाच्या जानेवारीत ब्रिटिश सरकारनं तिकडची तासांची मर्यादा शेवटी उठवली.

रात्री साडेदहा-पावणेअकरा

मंगळवार संपत आलाय. शेवटी पुन्हा बातम्या, पण रिकाम्या पडद्यावर नुसता आवाज, रेडिओसारख्या. बसल्या बसल्या लोक त्याही ऐकत. मग निवेदकाचं शुभ रात्री आणि राष्ट्रगीत. काही घरांत म्हणे दिवाणखान्यातही उठून उभे राहत.

मग कोणीतरी उठून बटण फिरवी. चित्र आतल्या बाजूला कोसळे आणि मधोमध एक पांढराशुभ्र ठिपका उरे. सेटची वीज गेली की झोताला डावीउजवीकडे नेणारी यंत्रणा लगेच थांबते, पण नळीतला मागचा भाग अजून तापलेला असतो, काचेत विजेचा दाबही शिल्लक असतो. तेव्हा झोत सुटतच राहतो, फक्त आता त्याला कुठे जायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून तो सरळ मध्यावर आदळतो. हळूहळू ठिपका बारीक होत जाई. अंधाऱ्या खोलीत, जिन्यावरून चोरून खाली आलेली मुलं तो पूर्ण विझेपर्यंत पाहत उभी राहत.